मिकाचं सफरचंद

अथेन्सच्या बाजारात तो मिकाच्या फुलांच्या टोपलीवर येऊन आदळला आणि वर म्हणाला, "माफ कर... मी 'माणूस' या शब्दाचा विचार करत होतो."

"विचार करा, पण पायाखालीही बघा," फुलं वेचत मिका म्हणाली. "निघालं का काही?"

"निघालं ना! जो बघतो आणि बघितलेलं पारखतो, तो माणूस. त्यातूनच आपला ग्रीक शब्द आला, असं आमचे गुरुजी सांगतात."

"मग आमचं गाढव सुटलं. ते नुसतं बघतं."

तो हसला... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. फेदिमोस त्याचं नाव. मोठ्या घरचा मुलगा, शब्दांची मुळं शोधणाऱ्या गुरूकडे शिकणारा. रोज एक माळ घ्यायचा, रोज एक शब्द सांगून जायचा. तो येईपर्यंत मिकाचं कशातच लक्ष लागायचं नाही.

"आणि प्रेम?" एकदा तिनं धीर करून विचारलं.

"ते बाहेरून आत वाहत येतं... डोळ्यांच्या वाटेनं." बोलता बोलता त्यानं तिच्याकडे सफरचंद फेकलं. तिनं झेललं. मुलगा सफरचंद फेकतो ते खायला नव्हे, आणि मुलगी झेलते ती 'हो' म्हणायला, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिकाचा बाप परगावचा; कायद्यानं अशी मुलगी नागरिकाची बायको होऊ शकत नाही, हेही ठाऊक होतं. पण एवढं शिकलेल्या माणसानं काही वाट काढली असेल, असं वेडीला वाटलं.

हिवाळ्यात, लग्नांच्या महिन्यात तो आला — मान खाली घालून.

"दोन फुलमुकुट हवेत, मिका. लग्नाचे. वडिलांनी ठरवलं... तुझ्यासारखं कुणी विणत नाही."

"आणि सफरचंद?"

"ते... त्या दिवशी हातात होतं, म्हणून—"

तरी तिनं दोन्ही मुकुट विणले, एकही फूल कमी न करता. मग टोपलीच्या तळातून सुरकुतलेलं सफरचंद काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"प्रेम आत कसं येतं ते सांगितलंत. बाहेर कसं जातं, तेही गुरुजींना विचारून ठेवा."

"मिका, मी उद्या येईन..."

"नका येऊ. बघितलं तेव्हाच पारखायला हवं होतं मी. घरी एक गाढव होतंच. दुसरं मीच निघाले."

ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. डोळे मात्र वाहत होते.