सात नंबरचं जॅकेट

"चारच्या आत मंजुरी आली नाही, तर रुग्णविमान दुसरीकडे जाईल," डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. अडीच वाजून गेले होते.

प्रवास विमा कंपनीच्या तपासनीस बाई तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्या. मागोमाग ताई आली, रडून रडून डोळे कोरडे पडलेली. तिचा धाकटा भाऊ सकाळी नऊला, बोटीला बांधलेली दोरी धरून फळीवरून लाटा कापत गेला आणि आपटून बुडाला. वर काढलं, पण शुद्ध आली नव्हती. इथल्या छोट्या दवाखान्यात त्याचा इलाज नव्हता.

विम्याची अट एकच. अंगात लाइफ जॅकेट हवं.

"घातलंच नाही त्यानं," बोटवाला म्हणाला. "दहादा सांगितलं. पण अंगात वारं भरलेलं. ते बघा त्याचं सात नंबरचं, खुंटीवर. हात लावा, कोरडं ठणठणीत."

"पट्टे मी माझ्या हातांनी आवळले," ताई म्हणाली.

"बहीण असं म्हणणारच, बाई."

बाईंनी भिंत न्याहाळली. बारा जॅकेटं ओळीनं. अकरा सरळ, सातवं तेवढं खाली डोकं वर पाय. उन्हानं सगळी बकलं पांढुरकी पडलेली. सातव्याचं मधलं मात्र काळं कुळकुळीत.

"आज गिऱ्हाइकं किती?"

"हा एकच. नंतर कोण फिरकतंय?"

"जॅकेटं धुता की नाही?"

"रोज. धुतली की उलटी टांगायची, पाणी निथळतं. सकाळी सरळ करायची. वडिलांची शिस्त आहे."

"आजही केलीत?"

"बाराच्या बारा. मी स्वतः."

"मग हे उलटं कसं?"

बोटवाल्यानं चटकन खुंटीकडे पाहिलं.

"मी सांगते," बाई हळूच म्हणाल्या. "पोरानं जॅकेट घातलं होतं. आपटल्यावर मधलं जुनं बकल तुटलं आणि ते अंगातून निसटलं. तुम्ही ते तळ्यातून काढलंत, नवं बकल बसवलंत, धुऊन उन्हात घातलंत. तोंडानं खोटं बोललात, पण हात सवयीनं चालले. धुतलेलं जॅकेट उलटंच टांगलंत. तुटकं बकल कुठंय?"

बोटवाला खाली बसला. मग खिशातून प्लॅस्टिकचे दोन तुकडे काढून त्यानं बाकावर ठेवले.

"धंदा बसला असता, बाई. बदलायचंच होतं ते. उद्या, उद्या करत राहिलो."

बाईंनी कंपनीला फोन लावला. "जॅकेट होतं. चूक बोटवाल्याची आहे. मंजुरी द्या, विमान पाठवा." तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ताईला पळत सुटायला हवं होतं. पण ती बाकाशीच थबकली. तुकड्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"मला वाटत होतं, माझ्याच हातून पट्टा सैल राहिला असेल."

"सैल असता तर बकल तुटलं नसतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही घट्टच आवळला होता, ताई. जा आता. तो उठला की हेही सांगा त्याला."