काचेच्या आतला अंगठा

“तुमचाच अंगठा आहे, अक्का,” हितेंद्र म्हणाला.

आल्यापासून तो हेच म्हणत होता आणि आल्यापासून मी नाही म्हणत होते. दोघांचेही आवाज चढले होते. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई काम सोडून ऐकत उभी राहिली. तुझे पापड कावळे नेतील, असं मी तिला खिडकीतूनच सांगितलं, तेव्हा ती खाली बसली. पण कान इकडेच.

“काच बसवताना लागला असेल बोटाचा डाग. वय झालं तुमचं. त्यात लाज कसली?”

मला हे काम कोणी शिकवलेलं नाही. नवऱ्याचं घड्याळ बंद पडलं, ते मी खोललं, बिघडवलं, पुन्हा खोललं आणि चालू झालं तेव्हाच उठले. पुढे लोकांची घड्याळं येऊ लागली. आज धुळ्यात माझ्या घराला पाटी नाही, तरी जळगावपासून माणसं जुनी चावीची घड्याळं घेऊन विचारत विचारत येतात. काच काढावी आणि बसवावी ती मीच. त्या मला हा अमळनेरकडचा कापूसवाला लाज शिकवत होता.

मी माझा अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. काचा घासून घासून त्यावरच्या रेघा केव्हाच गेल्या आहेत. रेशन दुकानातलं मशीन माझा अंगठा घेत नाही, माझ्याऐवजी सुनेला जावं लागतं. आणि घड्याळाच्या काचेत उमटलेल्या अंगठ्याच्या रेघा मात्र इतक्या स्वच्छ होत्या की सुईच्या टोकाने गिरवाव्यात. राग आला की माझ्या तोंडी घरची बोली येते.

“हाऊ अंगठा मन्हा नही शे,” मी म्हणाले. “तुले दिखत नही का?”

त्याने पाहिलं नाही. दाराशी बसलेल्या बाईकडे पाहिलं.

ती त्याची वहिनी, मोहिनी. घड्याळ तिच्या नवऱ्याचं, लोटनचं. लोटन गेल्या उन्हाळ्यात शेतातल्या विहिरीत अडकलेली मोटार काढायला उतरला आणि तळाशी गुदमरून गेला. वर काढला तेव्हा घड्याळ मनगटावरच होतं, काच तडकलेली. हितेंद्रने ते माझ्याकडे आणलं, वहिनीला आठवण म्हणून चालू करून द्या म्हणाला. मी करून दिलं. महिनाही झाला नसेल, परत आला. काच आतून धुरकटली होती, आणि त्या धुरकटीत एक अंगठा.

आता हे काम कसं असतं ते सांगते, म्हणजे मी का भांडत होते ते कळेल. काचेभोवती पोलादी कडं असतं. त्याला एका जागी नखाएवढी खाच असते. तिथे पातळ पातं लावून हलकेच कलवलं की कडं सुटतं, काच हातात येते. बसवताना मी बोटांना रबरी टोप्या घालते, काचेला कडेने धरते, आतला भाग रबरी फुग्याने फुंकते आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहते. मग कडं ठेवून दाबायचं. टक् असा एक आवाज येतो. तो आला की आत मुंगीचा पायसुद्धा जात नाही.

पहिल्या वेळी म्हटलं, बोटावरची टोपी फाटली असेल. तसं म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. जुनी काच फेकली, पाकिटातली कोरी काच काढली आणि हितेंद्रच्या डोळ्यांसमोर बसवली. त्यानेच ती उजेडात धरून पाहिली. स्वच्छ आहे म्हणाला. तरी मी घड्याळ ठेवून घेतलं. ओल राहिली असेल तर सुकावी म्हणून तांदळाच्या डब्यात घालून डबा ओट्यावर ठेवला, मी भाकरी थापते तिथेच.

सकाळी झाकण काढलं. तांदळाला शेवाळाचा वास येत होता. घड्याळ कोरडं होतं, काच धुरकट होती आणि अंगठा तिथेच होता, मधोमध. मी बाहेरून पुसला, गेला नाही. कडं एका बाजूने केसभर उचललं गेलं होतं. कडं सैल पडलं असेल, असं मी स्वतःला समजावलं नाही. मी बसवलेलं कडं सैल पडत नाही. ते आतून कोणी तरी रेटलं होतं.

तांदूळ गटारात टाकले आणि हितेंद्रला फोन केला. तो येणार म्हणाला, आणि येताना वहिनीला घेऊन आला. वहिनी ऐकत नव्हती म्हणे.

आणि आल्या आल्या हे भांडण. तुमचाच अंगठा, माझा नाही. धुळ्यात दुसरे घड्याळवाले नाहीत का, म्हणाला. आहेत ना, म्हटलं, बसस्टँडच्या वाटेवरच आहेत, जा. तो गेला नाही. मोहिनी मात्र टेबलावरच्या घड्याळाकडे बघत होती, जेवायला बसलेल्या माणसाला काय हवं नको ते बघावं तशी. मग पाय धुते म्हणून ती मागच्या मोरीत गेली.

ती जाताच हितेंद्रचा चढलेला आवाज एकदम खाली आला.

“अक्का, मला कळतंय तुमचा नाही. पण तिच्यासमोर एवढं म्हणा ना… की माझाच आहे.”

तो सांगत गेला. पहिला अंगठा उमटला त्या दिवसापासून वहिनी घड्याळाशी बोलते. ताटाशेजारी ठेवते, त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवते. ते आत गुदमरतात, काच काढा म्हणते. काच काढून उघडं घड्याळ घेऊन ती विहिरीवर जाणार आहे. ते वर आले तर ठीक, नाही तर मीच उतरेन, असं तिने सासूला सरळ सांगितलंय. घरातले आळीपाळीने विहिरीवर बसतात.

“माणूस किती दिवस राखण करेल, अक्का? तुम्ही म्हणालात माझ्या बोटाचा डाग आहे, तर तिचा भ्रम जाईल. तुमचं काय जातं?”

माझं काय जातं! आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली ती जाते. तेच मी त्याला म्हणाले, आणि पुन्हा वाजलं आमचं. खोटं बोलणार नाही, म्हटलं. तो म्हणाला, मग तिच्या मढ्यावर तुमचा खरेपणा घाला. ते लागलं मला.

मोरीतलं पाणी थांबलं. मोहिनी ओल्या पायांनी आली आणि दाराशी न बसता टेबलाजवळ उभी राहिली. काच काढा, अक्का, एवढंच म्हणाली. हितेंद्र नको म्हणाला, डिंक लावून कायमची चिकटवा म्हणाला. काचेला डिंक लावायला मी काही पाकिटं चिकटवत नाही, असं मी त्याला सुनावलं. मग पातं घेतलं.

खाचेला लावायची गरजच पडली नाही. पातं टेकवताच कडं आपोआप वर आलं. घड्याळ उघडं पडलं, आणि भर दुपारच्या त्या कोरड्या खोलीत शेवाळाचा वास पसरला… विहिरीत खाली वाकून श्वास घ्यावा तसा. हितेंद्र मागे सरकला. मी काच उलटी करून रुमालावर ठेवली आणि डोळ्याला लावायचं भिंग मोहिनीच्या हातात दिलं.

“बघ पोरी,” मी म्हणाले. “डाग आहे. माझ्याच बोटाचा… म्हातारपणी होतं असं.”

हे वाक्य मी कसं उच्चारलं ते विचारू नका. हितेंद्रने सुटकेचा श्वास सोडला, पण अर्धाच. कारण ती माझ्याकडे बघतच नव्हती. भिंग डोळ्याला लावून ती काचेवर वाकली होती. लोटनच्या बोटांत रुतलेले बाभळीचे काटे हीच काढायची म्हणे, सुईने, हात मांडीवर घेऊन; त्याच्या अंगठ्याची रेघ न् रेघ तिला पाठ असणार. ती हळूहळू काच फिरवत बघत राहिली. हितेंद्र म्हणाला, ऐकलं ना वहिनी, अक्कांचाच आहे, आता चला, बस जाईल. मी म्हणाले, हो, माझाच.

तिने भिंग खाली ठेवलं. उघड्या घड्याळावर पटकन आपला तळहात ठेवला, दुधावर झाकण ठेवावं तसा, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

“काच बसवून टाका, अक्का… घट्ट. हा अंगठा आमच्या यांचा नाही.”