इवान्थियाची पुढची तारीख

“चौदा तारखेला नाही हो जमणार... पुढची एखादी द्या ना!” इवान्थिया फोनमध्ये कुजबुजली आणि दुसऱ्या हातातली इस्त्री तिने नवऱ्याच्या निळ्या शर्टाच्या कॉलरवरून एकदा, दोनदा, मग उगाच तिसऱ्यांदाही फिरवली.

पलीकडे इस्पितळातली बाई वैतागली होती. “बाई, ही चौथी वेळ आहे. मार्चमध्ये नाही म्हणालात, जूनमध्ये नाही, सप्टेंबरात नाही. डॉक्टरांनी कागदावर लाल शाईने ‘लवकर’ लिहिलंय. ती गाठ काय तुमच्या सवडीची वाट बघत बसणार आहे?”

“कळतंय मला... पण त्या आठवड्यात घरात मोठं काम आहे.”

फोन ठेवताना तिचा हात आपोआप गळ्यातल्या रुमालाकडे गेला. रुमालाखाली, डाव्या बाजूला, जर्दाळूच्या बीएवढी ती गाठ होती. आठ महिन्यांत ती वाढली होती की आपल्यालाच तसं वाटतं, हे तिला ठरवता येत नव्हतं... आणि ठरवायचंही नव्हतं!

टेबलाशी तिची सासू पोलिक्सेनी घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती म्हातारी कानाने जरा अधू आहे असं सगळे समजत.

“कोणाचा फोन?” तिने मान वर न करता विचारलं.

“टपाल कचेरीतून, आई. सुट्टीचं विचारत होते.”

“हं.” दाणे भांड्यात टपटपत राहिले. “शर्ट जाळू नकोस. आज माझा मुलगा चारचौघांत बोलणार आहे.”

वोलोस शहराच्या समुद्रकाठच्या सभागृहात त्या दिवशी संध्याकाळी तिच्या नवऱ्याचं, अर्गिरिसचं भाषण होतं. विषयही झोकात होता. ‘धावपळीच्या आयुष्यात चांगलं जेवण, प्रवास आणि व्यायाम यांचा मेळ.’ लिफ्टच्या कंपनीत नोकरी, आठवड्यातले चार दिवस लारिसा, त्रिकाला, लामिया अशा शहरांतून फिरता संसार, आणि तरीही पन्नाशीच्या आत सहा देशांतल्या सहा शहरांत बेचाळीस-बेचाळीस किलोमीटर धावायचा पण केलेला माणूस! पाच शहरं झाली होती. सहावं लिस्बन, सोळा ऑक्टोबरला. गावात त्याचं कौतुक मावत नव्हतं.

पण सात वर्षांपूर्वीचा अर्गिरिस गावाला आठवत नसला, तरी इवान्थियाला आठवत होता. त्या हिवाळ्यात कारखाना बंद पडला, त्याच महिन्यात वडील गेले, आणि हा उमदा, हसरा माणूस मागच्या खोलीत खिडक्या लावून जो बसला तो दोन वर्षं बसला. अंग सुटलं, साखर वाढली, बोलणं आटलं. मुलगी दनाई शाळेतून आली की चपला काढून पावलं न वाजवता चालायची. एका सकाळी इवान्थियाने त्याला हाताला धरून उठवलं. “चल, बेकरीपर्यंत.” दुसऱ्या दिवशी बंदराच्या टोकापर्यंत. असं करता करता एका सकाळी तो तिचा हात सोडून अचानक धावत सुटला, धापा टाकत परत आला आणि हसला... दोन वर्षांत पहिल्यांदा हसला! तिथेच, त्या ओल्या धक्क्यावर, तिने मनाशी शपथ घेतली की हे हसू पुन्हा विझू द्यायचं नाही. मग त्यासाठी काय वाटेल ते होवो!

त्या दिवसापासून तिचं स्वतःचं आयुष्य जणू दुसऱ्याच्या घड्याळाला बांधलं गेलं. पहाटे पाचला उठून चार दिवसांचे डबे. मसूर, चणे, रानभाज्या लिंबू पिळून, मासा भाजून, सगळं मोजून मापून आणि तरीही इतकं चवदार की प्रवासात त्याला धाब्यावरच्या तळणाची आठवणही होऊ नये. मग टपाल कचेरी, मग सासूची औषधं, दनाईचा अभ्यास. स्वतः ती ओट्याशी उभ्या उभ्या, कढईत उरलेलं पावाने पुसून खायची. प्रत्येक शहरातून तो तिच्यासाठी फ्रीजवर लावायचं एक चित्र आणायचा. रोम, बुडापेस्ट, वॉर्सा... ती शहरं तिने फक्त फ्रीज उघडताना पाहिली होती.

मार्चमध्ये रोम होतं, जूनमध्ये दनाईची विद्यापीठाची परीक्षा, सप्टेंबरात बुडापेस्ट. गाठीबद्दल घरात तिने एवढंच सांगितलं होतं, “डॉक्टर म्हणाले, विशेष काही नाही.”

सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत इवान्थिया, तिच्या शेजारी काठी टेकून पोलिक्सेनी. अर्गिरिस छान बोलला. पहाटेची शिस्त, प्रवासातल्या युक्त्या, हॉटेलच्या जिन्यावर करायचे व्यायाम. लोक हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि इवान्थियाचा ऊर अभिमानाने भरून आला. शेवटी बेकरीवाल्याची बायको उठली.

“अहो अर्गिरिस, हे सगळं ठीक आहे हो, पण एवढं साग्रसंगीत जेवण कोण करतं? माझा नवरा तर अंडं उकडायला ठेवून शेजारी गप्पा मारायला जातो!”

हशा पिकला. अर्गिरिसही हसला. “अवघड नाही काही. रविवारी दोन तास नीट आखणी केली की आठवड्याचं जेवण तयार. प्रश्न वेळेचा नसतोच, इच्छेचा असतो!”

“आणि बायको? ती धावत नाही?”

“इवान्थिया?” त्याने प्रेमाने तिसऱ्या रांगेकडे हात केला. “ती आमची घरकोंबडी! तिला प्रवासाची हौस नाही, पळायची नाही. तिचं आयुष्य निवांत आहे, देवाच्या कृपेने.”

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. तिने हसून मान हलवली. पण त्या ‘निवांत’ शब्दाने तिच्या अंतःकरणात खोलवर काहीतरी काडकन तुटलं... इतकी वर्षं पाहत होता, आणि दिसलं ते हे!

तेवढ्यात शेजारी काठी जमिनीवर आपटली. पोलिक्सेनी उभी राहिली होती.

“मला एक विचारायचंय.”

“विचार ना, आई!” अर्गिरिस खुशीत म्हणाला.

“आपल्या घरात मसूर कुठल्या डब्यात असतात रे?”

लोक पुन्हा हसले. अर्गिरिसही हसत होता. “ओट्याखाली... नाही, वरच्या फळीवर...”

“बरं, कुठल्या शहराच्या शर्यतीआधी तुझी बायको पोटभर बसून जेवलेली तू पाहिलीस, तेवढं सांग.”

आता कोणी हसलं नाही. अर्गिरिसचा चेहरा उतरत गेला, आणि तो उतरलेला चेहरा पाहवेना म्हणून इवान्थिया झटकन उठली. “आईंना गंमत करायची सवय आहे! आणि मसूर मीच दर आठवड्याला जागा बदलून ठेवते हो, याला कसे सापडणार?” लोकांनी सुटकेने टाळ्या वाजवल्या. तिने सासूचा हात धरून तिला खाली बसवलं.

घरात पाऊल टाकताच अर्गिरिस कडाडला. “आई, काय हे! सगळ्या गावासमोर माझी शोभा केलीस!”

“केली. कमीच केली.”

“माझ्या बायकोची तुला एवढी कणव कधीपासून? आयुष्यभर टोमणे तूच मारलेस ना? ‘माझ्या मुलाला गवत खाऊ घालते’ म्हणून तूच म्हणायचीस ना?”

“मीच म्हणायची! आणि आज सकाळी त्याच पोरीने इस्पितळाची चौथी तारीख नाकारली. गळ्यातली गाठ काढायची तारीख! तुझ्या लिस्बनसाठी!” म्हातारीचा आवाज फाटला. “बहिरी समजता मला... डॉक्टरांचा तो कागद शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलाय हिने. दुपारी शोधून काढला मी. जा, वाच!”

अर्गिरिस जागच्या जागी खिळला. इवान्थियाने ओट्याचा आधार घेतला.

“इवान्थिया... हे खरं आहे?”

तिने मान हलवली. त्याने पुढे होऊन तिच्या गळ्याचा रुमाल सोडला, आणि आठ महिने एकाच अंथरुणावर झोपूनही जे त्याने पाहिलं नव्हतं, ते आता डोळ्यांसमोर आलं.

“खरं का नाही सांगितलंस? एका शब्दाने तरी सांगायचंस! मी गेलो असतो का गं सोडून? इतका निर्दय समजतेस मला?”

“निर्दय नाही रे...” आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला. “मला भीती वाटायची! ती मागची खोली आठवते का तुला? त्या बंद खिडक्या? तू धावून आलास की जिवंत दिसायचास... मला वाटायचं, मी आजारी पडले, हे सगळं थांबलं, तर तू पुन्हा त्या खोलीत जाशील. आणि दुसऱ्यांदा तुला हाताला धरून बाहेर काढायची ताकद माझ्यात उरलेली नाही... मी दमलेय, अर्गिरिस. फार दमलेय! आणि तू आज म्हणालास, माझं आयुष्य निवांत आहे!”

ती खाली फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली. तिच्याआधी खाली वाकली ती पोलिक्सेनी. गुडघे वाकत नव्हते तरी काठी टाकून ती सुनेशेजारी बसली.

“ऐक पोरी. झागोरा गावात सफरचंदांच्या हंगामात मी पाच महिन्यांची गरोदर होते. पेट्या उचलायचे. पोटात दुखायचं, रक्त जायचं, पण कोणाला बोलले नाही. माझी सासू म्हणायची, सोसते तीच खरी बाई. मुलगी होती ती... याच्यानंतरची. गेली.” तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. “आणि मी तुझी सासू झाले तेव्हा तेच केलं गं. तू सोसत राहिलीस, मी बघत राहिले. उलट बोलली असतीस तर बरं झालं असतं. मला माफ कर.”

“आई, असं नका ना बोलू...”

अर्गिरिस उभा होता. जगातल्या पाच शहरांत त्याने शेवटची रेषा ओलांडली होती, पण स्वयंपाकघरातल्या त्या चार पावलांना त्याला केवढा वेळ लागला! मग तोही खाली बसला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाचं कार्यालय उघडायच्या आधीपासून तो दारात उभा होता. चौदा तारीख दुसऱ्या कोणाला दिली गेली होती. पुढची डिसेंबरात. तो सरकला नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत ती फोनवरची वैतागलेली बाई बाहेर आली, तर हा तिथेच.

“अहो, तुम्ही अजून इथेच? घरी जा!”

“बाई, माझ्या बायकोने चार तारखा माझ्यापायी घालवल्या. एक तरी मला मिळवू द्या.”

तिने त्याचा नंबर टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. एकाने नाव मागे घेतलं होतं, सोळा तारीख चालेल का?

सोळा तारखेला लिस्बनमध्ये शर्यत सुटली तेव्हा अर्गिरिस इस्पितळाच्या लाकडी बाकावर बसला होता, एका हातात आईचा हात आणि दुसऱ्या हातात दनाईचा. चार तास! पायांना नुसतं बसण्याचा एवढा थकवा येतो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

गाठ निघाली, पण इवान्थियाचा आवाज गेला. घशाला सूज होती. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे बोलायचं नाही, आवाज परत येईल. तिने वहीत लिहायचं, त्याने वाचायचं. त्याने स्वयंपाक केला. पहिल्या दिवशी चणे दगडासारखे राहिले, दुसऱ्या दिवशी भात लागला. पोलिक्सेनी खुर्चीतून हुकूम सोडत होती, “आच कमी कर! अरे, तेल ओत, पाहुणा आहेस का या घरात?” त्याने कंपनीला कळवलं की आठवड्यातले दोनच दिवस बाहेरगावी जाईन, उरलेले इथलं काम द्या. दनाई दर शनिवारी विद्यापीठातून येऊन आईचे केस धुऊन देऊ लागली. पहाटे तो अजूनही धावायचा, पण अर्धा तास. परत येऊन तिच्या उशाशी गरम दूध ठेवायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला. डॉक्टरांनी कागद टेबलावर सरळ केला. गाठ साधी नव्हती. पण पसरली नव्हती. सगळी निघाली होती. एक छोटासा उपचार, रोजची एक गोळी, आणि तपासण्या.

“आणखी सहा महिने थांबला असतात,” डॉक्टर अर्गिरिसकडे पाहत म्हणाले, “तर मी आज वेगळं काही बोलत असतो.”

बाहेर आवारात संत्र्याची झाडं होती. तिथवर कसंबसं पोहोचून अर्गिरिस भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. इवान्थियाने त्याच्या छातीवर हात ठेवला. तिचे ओठ हलले. तिने एकदा खाकरून पाहिलं, आणि मग खरखरीत पण स्पष्ट आवाजात म्हणाली,

“अर्गिरिस... मला भूक लागलीय.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं! तुला भूक लागली का, दनाईला लागली असेल, आई जेवल्या का... हेच फक्त ऐकलं होतं.

“काय खाशील?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“तळलेले मासे. बंदरावर. आणि बसून!”

वाटेत त्याने घरी फोन लावून इवान्थियाच्या हातात दिला. “आई, सगळं ठीक आहे. येतोच आम्ही,” ती म्हणाली. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग पोलिक्सेनी खेकसली, “तुझा आवाज ऐकला ना मी, झालं तर! लगेच कशाला येता? जेवून या. आणि त्याला सांग, घाई करू नकोस म्हणावं.”

बंदरावरच्या त्या छोट्या दुकानात त्सिपुरोचे, तिथल्या कडक द्राक्षदारूचे, दोन पेले आले. मग बशा येऊ लागल्या. कुरकुरीत बारीक मासे, भाजलेली ढोबळी मिरची, आंबवलेल्या मिरच्या, जाड पाव. त्याच्या धावणाऱ्या मित्रांची टोळी रस्त्यावरून हाका मारत गेली, “काय रे, येतोस का? वारा मस्त आहे!” त्याने हात हलवून नाही म्हटलं.

इवान्थिया खात होती. हळूहळू, घशाला जपत, बोटांनी काटे काढत, लिंबू पिळत. मधूनच डोळे मिटत होती. एक बशी संपली, तिने दुसरी मागवली. कितीतरी वर्षांनी तिच्या समोरचं अन्न कोणाची वाट बघत नव्हतं, आणि तिलाही कुठे जायचं नव्हतं. अर्गिरिसचं जेवण केव्हाच झालं होतं. पण तो उठला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. तिच्या पावाचा तुकडा मोडून देत, ती शेवटचा घास घेईपर्यंत, तो तिच्यासमोर बसून राहिला.