चंद्रावरचा रव्याचा केक

सात महिन्यांनी बाबा आज घरी येणार होते, आणि त्यांच्यासाठी केलेला केक वरून काळाठिक्कर नि आतून कच्चा निघाला होता!

दहा वर्षांची शाल्मली रडवेली झाली. आजीने पृथ्वीवरून पाठवलेली कृती तिने तंतोतंत पाळली होती. एकशे ऐंशी अंश, चाळीस मिनिटं. मग बिनसलं कुठे? चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत रवा मालवाहू यानातून यायचा. आता जेमतेम एका केकपुरता उरला होता.

"ओव्हन बिघडलाय का गं, आत्या?"

वसुधाआत्या वसाहतीतली उष्णताशास्त्रज्ञ. तिने करपलेला केक उलटसुलट करून पाहिला.

"छे! आजीचा ओव्हन वेगळा, आपला वेगळा. दूध फार गरम असलं की तू काय करतेस?"

"फुंकर मारते."

"म्हणजे दुधावरची गरम हवा ढकलून देतेस. तिथे गार हवा येते, दूध लवकर निवतं. ओव्हनमध्ये नेमकं उलट. केकभोवती गार हवेचा पातळ थर असतो, पांघरुणासारखा. आजीच्या ओव्हनमध्ये हवा संथ फिरते, म्हणून तो टिकतो. आपल्या ओव्हनमध्ये पंखा आहे."

"तो पांघरूण उडवून लावतो!"

"अगदी! याला म्हणतात सक्तीचे अभिसरण (हवा मुद्दाम फिरवून उष्णता पोचवणे). पृथ्वीवर गरम हवा आपली आपण वर चढते. इथे गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली खेचणारी ओढ) सहापट कमी, त्यामुळे ती रेंगाळते. म्हणून पंखा लागतोच."

शाल्मलीने करपलेला केक पुन्हा पाहिला. "म्हणजे वरचं आधी तापतं, आतलं मागे राहतं. मग आच कमी करू या. वरचं करपायच्या आत आतलं शिजेल. वीस अंशांनी?"

"चालेल. आणि वेळ?"

"तिसाव्या मिनिटालाच सुरी टोचून बघते."

तिने उरलेला रवा भिजवला नि केक ओव्हनमध्ये ठेवला. तिसाव्या मिनिटाला सुरीला ओलं पीठ लागलं. आच वाढवावी का? तिने आत्याकडे पाहिलं. शाल्मलीने आच होती तशीच ठेवली नि आणखी वीस मिनिटं थांबली. या वेळी सुरी कोरडी आली. केक सोनेरी झाला होता.

संध्याकाळी बाबांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "अगदी आईच्या हातचा!"

"माझ्या हातचा," शाल्मली म्हणाली. मग आत्याकडे वळली. "मंगळावर किती आच लागेल गं? तिथे ओढ इथल्या दुपटीहून जास्त असते ना?"

"कुणास ठाऊक! तिथे अजून कुणी केक केलेलाच नाही."

"मग मी जाते की," ती म्हणाली, आणि बाबांनी दुसऱ्या तुकड्यासाठी बशी पुढे केली.