शेवटचं अक्षर

धक्क्यावरच्या टपालपेटीत अर्ज टाकायला गुनवोर निघाली, तेव्हा रिमझिम नुकतीच थांबली होती. ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास हवेत भरून राहिला होता. वाटेत तिला स्वतःचंच नाव दिसलं... एक मुलगा ते पांढऱ्या रंगानं जुन्या होडीवर रंगवत होता. शेवटचं अक्षर तेवढं राहिलं होतं.

"म्हातारीचं नाव आहे हे," ती म्हणाली.

"होडी तरी कुठे तरुण आहे?" तो वळून हसला. त्याच्या भुवईला रंग लागला होता. "मी आस्लाक. लहानपणी इथंच होतो, आत्ता परत आलोय. तू?"

"नोरा." तिनं पाकीट पाठीमागे नेलं. अगदीच खोटं नव्हतं ते. नाव बदलायचा अर्ज मंजूर झाला की तेच तर होणार होतं!

स्कारवोय बेटावर नातीला आजीचं नाव देतात. तिच्या चुलत बहिणी ग्रेटे आणि गीना नुसतं पहिलं अक्षर घेऊन सुटल्या; हिच्या वाट्याला अख्खं नाव आलं. चर्चच्या नोंदवहीत तिनं मोजून पाहिलं होतं. तिला धरून बेटावर सात गुनवोर, आणि तिच्याहून मोठी पुढची गुनवोर थेट एकोणऐंशी वर्षांची. जीवशास्त्र शिकलेल्या मुलीला अशा प्रजातीचं भविष्य सांगावं लागत नाही.

"होडी माझ्या आजोबांची," आस्लाक म्हणाला. "पण आजीचं नाव तर आस्ता. मग ही गुनवोर कोण? शोधायला मदत करशील?"

नाही म्हणायला हवं होतं. पण त्या रंगलेल्या भुवईकडे बघत ती "हो" म्हणून गेली.

मग तीन आठवडे घरोघरी वाफल, तपकिरी चीज आणि कॉफी. तिसरी गुनवोर म्हणाली, "तुझे आजोबा? दिसायला बरे होते रे, पण नाचताना पाय तुडवायचे मेले!" दोघं रस्ताभर हसत सुटली.

"या नावाचा अर्थ काय गं?" त्यानं विचारलं.

"जुन्या भाषेत गुन म्हणजे लढाई. वोर म्हणजे सावध."

"लढाईतही सावध... भेटायला हवी अशी एखादी," तो म्हणाला. तिचे कान गरम झाले.

शेवटी एकच घर उरलं. तिच्या स्वतःच्या आजीचं. बाकीच्या आज्या तिला नुसतं 'पोरी' म्हणायच्या; पण आज खोटं उघडं पडणार, आणि मग हा बोलेल तरी का आपल्याशी? दार उघडताच आजी ओरडली, "गुनवोर, आधी ते बूट काढ!"

ती जागीच थिजली. आस्लाक मात्र निवांत बूट काढत होता.

"आजी, माझ्या आजोबांची होडी..." त्यानं सुरुवात केली.

"पुन्हा तेच? लहानपणीच सांगितलंय ना तुला! नावासकट विकत घेतली होती ती. होडीचं नाव बदलायचं नसतं. तुझी आस्ता दर वसंतात स्वतःच्या हातानं ते रंगवायची."

आता कान लाल व्हायची पाळी आस्लाकची होती.

बाहेर पडताच तिनं त्याला गाठलं. "म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं? माझं नावसुद्धा?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं ना, कोणी पाठवलं आणि कशाचा अर्ज ते. तू लपवायच्या आधीच वाचलं मी."

"मग इतके दिवस मला का फिरवलंस?"

"सहा आज्या होत्या," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे तुझ्यासोबत... सहा दुपारी."

बोलता बोलता दोघं धक्क्यावर पोहोचली. शेवटचं अक्षर अजून कोरंच होतं.

"हे का ठेवलंयस असं?"

"नावाची मालकीणच पळून निघालेली... पुरं कसं करू? नोरा झालीस तरी आवडशीलच तू मला. पण ठरव एकदा."

अर्ज तीन आठवडे तिच्या कोटाच्या खिशातच होता. तिनं पाकीट काढलं, ब्रश रंगात बुडवला, जास्तीचा रंग पाकिटावर पुसला... आणि जीभ दातांत धरून शेवटचं अक्षर काढलं.

"वाकडं आलंय गं."

"असू दे," गुनवोर म्हणाली. "पुढच्या वसंतात मलाच रंगवायचंय ना — आणि त्याच्या पुढच्याही."