पंधरावी खूण

आमची आणि होडीवाल्याची भिंत एकच, त्यामुळे त्याच्या घरातलं मला न विचारता कळतं. हेही तसंच कळलं. पुढे त्याच्या तोंडून दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा अक्षराचा फरक नाही. पोरांनो, जवळ सरका, पण मध्ये बोलू नका.

गेल्या मार्चची अकरा तारीख, सोमवार. संध्याकाळी होडीवाला दुकानातून डांबराचा डबा घेऊन आला. खडकावर आपटून बूड फाटलेली एक होडी त्याला जवळजवळ फुकटात मिळाली होती. तीन महिने नवरा-बायको तिच्यापायी राबत होते. नव्या फळ्या परवडेनात, तेव्हा घरातलं कपाट मोडून तिला लावलं. कपडे दोरीवर आले. त्यात किनाऱ्यावर ज्याच्या जागेत होडी ओंडक्यांवर चढवली होती, तो मालक बजावून गेलेला, "उद्या पहाटेच्या मोठ्या भरतीला होडी पाण्यात, नाहीतर माझ्या जळणात." होडी गेली की पोट भरायचं साधनच गेलं.

आता फक्त फटी शोधायच्या राहिल्या होत्या. ते काम अंधारातच होतं. एकाने आत दिवा धरून सरकायचं, दुसऱ्याने होडीखाली उताणं पडून, जिथून उजेड झिरपेल तिथे खडूने खूण करायची.

"चल, शेवटचं एकदा," तो बायकोला म्हणाला.

"पाय बघा माझा, भोपळा झालाय मुरगळून! दिवा आत टांगा नि एकटेच बघा. हुकूम काय, मी नसले तरी सोडालच तुम्ही."

गेला एकटा. सव्वाअकराला बॅटरीचा दिवा आत टांगला आणि खाली शिरला. अंग इतकं आंबलेलं, की डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखा. एक फट दिसली. खूण केली. सवयीने तोंडातून निघालं, "जरा पुढे घे गं."

उजेड पुढे सरकला.

"थांब." थांबला. "आता डावीकडे."

अशा चौदा खुणा झाल्या. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अहो, येताय ना? की तिथेच घोरताय?"

"तू... कुठून बोलतेस?"

"घरातून! आणखी कुठून? पाय शेकत बसलेय."

त्याने वर फटीतल्या उजेडाकडे पाहिलं.

"अहो?..."

वर फळी करकरली. अगदी हळू.

उजेड हलला. न सांगता. मागे... अजून मागे... जी जुनी फळी पक्की म्हणून त्याने कधी तपासलीच नव्हती, तिथे. थांबला.

पळावं, तर पहाटे होडी बुडणार.  

त्याने हात वर केला.  पंधरावी खूण.

"झालं..."

दिवा विझला.

उरलेली रात्र त्याने फोनच्या उजेडात, बाहेरूनच, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकला, वर डांबर फासलं. पंधरावी फट बोटभर खोल निघाली. आत तो डोकावला नाही.

पहाटे होडी तरंगली. कुठूनही पाणी शिरलं नाही. मालक तोंड वाकडं करून घरी गेला.

उजाडल्यावर होडीवाला आत वाकून बघतो, तर पंधराव्या खुणेच्या बरोबर वर दोन ओले गोल. कोणी गुडघे टेकून बसावं तसे.

याला वर्ष झालं. नुकतीच त्याने होडी आठवडाभर उन्हात काढून ठेवली होती. मला कुठला धीर निघतोय? जाऊन हात लावला. फळी तव्यासारखी तापलेली.

ते दोन गोल... गार. आणि ओले.