चार वाजताचं ओझं

ताई, तुम्ही काल जिन्यात विचारलंत ना, "पाठीत स्क्रू असताना पोरीला कडेवर घेऊन तीन मजले कशा चढता?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. तुम्ही इमारतीत नव्या, त्यात आपल्या मराठी. खोटं बोलायचं जिवावर आलं. आता दिवा लावलाय, मधू तिकडं ठोकळे खेळतेय, तर सांगून टाकते.

माकडटोपीपासून सुरू झालं सगळं. कोलकात्यात थंडी ती काय, पण जानेवारी लागला की इथली माणसं कान उघडे ठेवत नाहीत. शेजारच्या शेफाली काकिमांनी मधूला लाल टोपी विणून दिली होती. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी मधू त्यांच्याकडंच ठेवली होती, टोपीसकट. मग टोपी कुणाला आठवली नाही. एकविसाव्या दिवशी मी कंबरेचा पट्टा आवळला आणि भिंत धरत त्यांच्या दारापर्यंत गेले. म्हटलं, चालणंही होईल, टोपीही आणता येईल.

काकिमा सत्तरीच्या, एकट्या. मला बौमा म्हणतात, म्हणजे सूनबाई. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाल्या, "टोपी? ती तर तूच नेलीस की."

"मी? कधी?"

"ऑपरेशनच्या दिवशीच. पोर चारला उठली आणि रडून रडून काळीनिळी झाली. मला उचलवेना. वळून बघते तर दारात तू. अंगात तो हिरवा झगा, पाय अनवाणी. मला वाटलं, ऑपरेशन पुढं ढकललं असेल. बोलली नाहीस काही. पोरीला उचललंस, व्हरांड्यात फेऱ्या मारल्यास. ती निजली तशी खाली ठेवलीस, टोपी काढून घेतलीस आणि… गेलीस."

चहा उतू गेला. दोघींनीही गॅस बंद केला नाही.

चार वाजता मी टेबलावर पालथी होते, ताई. दोनला आत नेलं होतं, साडेसहाला बाहेर काढलं. पाठ उघडी आणि तोंड खाली.

"हे तुम्ही मला आज सांगताय?" मी ओरडलेच.

"त्याच रात्री तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, काकिमा, डोळे तपासून घ्या."

आमचे हे, श्रीकांत, बहूबाजारात सोनं गाळायच्या दुकानात आहेत. आमच्या विट्याकडची कितीतरी माणसं याच धंद्यात देशभर पसरली आहेत. रात्री ते आल्याआल्या विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"म्हातारीचं काय घेऊन बसलीस! तू आधीच घाबरट. मधूला शिंक आली तरी दवाखान्यात पळतेस. त्यात हे कशाला?"

"घाबरट मी नाही. तुम्ही आहात." एवढं बोलून मी भिंतीकडं तोंड केलं. म्हणजे करायला घेतलं. पाठीचं ऑपरेशन झालेल्या बाईला रागानं झटकन तोंडही फिरवता येत नाही हो. आधी गुडघे जवळ घ्यायचे, मग खांदा, कंबर, गुडघे सगळं एकदम, ओंडका लोटावा तसं वळायचं. तोवर समोरचा घोरायला लागतो.

त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा. डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणायचा, "स्क्रू एकदम जागच्या जागी. दुखायचं काही कारण नाही." मग काय मी हौसेनं विव्हळते? ऑपरेशननंतर सासूबाई गावाहून मदतीला आल्या होत्या. त्या म्हणायच्या, "मी तीन पोरं कडंवर मारून भांगलण केलीया. तू पोरीला हात लावत न्हाईस, तरी तुझी कंबर कशी गं दुखती?"

तेच तर मलाही कळत नव्हतं.

ही कंबर गेली मधूला वाहूनच. चौपन्न पायऱ्या, कडेवर पोर, हातात बादली नाहीतर बाजाराची पिशवी. दोन वर्षं वाहिलं आणि एक दिवस डावा पाय उचलेना. ऑपरेशननंतर हुकूम सुटला, तीन महिने दोन किलोवर काही उचलायचं नाही. मधू अकरा किलोची. ती दोन्ही हात वर करून पलंगापाशी उभी राहायची, "आई, घे." मी नुसती तिच्या केसांवरून हात फिरवायची. रडून तिचा घसा बसायचा, आणि मी उशी दातात धरायची.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं मला वही दिली. "कधी दुखतं, किती दुखतं, दहापैकी आकडा लिहा." माझी सातवीत शाळा सुटली, पण अक्षर चांगलं आहे. मी सगळं लिहायचे. त्यातून एक दिसलं. वाकले, चालले, जिना उतरले तर दुखणं दोन-तीन. आणि दुपारी चारला स्वस्थ पडलेली असताना, आठ. तेही टाके दुखतात तसं नव्हे. डाव्या बाजूला ओझं घेतल्यासारखं. कुणीतरी अकरा किलो उचलून कडेवर सावरावं, तशी कंबर डावीकडं झुकायची आणि ओढ लागायची. वीस-पंचवीस मिनिटं. मग ओझं ठेवल्यासारखी सुटायची.

काकिमांकडून आल्यावर मी वही उघडली. सगळ्या चारच्या नोंदी पुन्हा वाचल्या. मग माझ्या ध्यानात आलं, मधू दुपारी रडायची कधीच थांबली होती.

सासूबाईंना विचारलं, "दुपारी उठली की तुम्ही घेता का तिला?"

"मी कुठली? मी तर त्या खोलीत आडवी. उठती, खेळती आपली गुमान. शहाणी झाली पोरगी."

शहाणी! दुसऱ्या दिवशी ती उंच खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली सापडली. खाली स्टूल नाही, खुर्ची नाही. कट्टा माझ्या छातीइतका उंच. सासूबाईंनी तिला धपाटा घातला आणि मला बोल लावला, "आई असून लक्ष न्हाई." मी वहीत पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं, आठ.

"मधू, वर कुणी ठेवलं तुला?"

"आईनं."

"आई तर ही. मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या पट्ट्याकडं पाहिलं. मग मान हलवली आणि म्हणाली, "तू झोपायची आई. ती घ्यायची आई."

ताई, मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. हाडं कापली ती माझी. स्क्रू माझ्या पाठीत, पट्ट्याचे वळ माझ्या पोटावर, मलमूत्राला भांडं माझ्याखाली. आणि टेबलावरून उठून पोरीला घ्यायला गेली ती दुसरीच! परत माझ्यात आलीच नाही. अंग माझ्याकडं सोडून दिलं, दुखण्यासकट. उचलते ती, दुखतं मला. आणि आई कोण, तर ती.

कुणाला सांगणार? ह्यांना सांगितलं तर डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं असतं. सासूबाईंनी मधूला उचलून गावी नेलं असतं. मी गप्प बसले आणि दिवस मोजले. एकदा तीन महिने भरले, एकदा डॉक्टरनं हो म्हटलं, की मी स्वतः माझ्या पोरीला उचलणार. मग बघते ही कशी येते.

एप्रिलच्या आठ तारखेला डॉक्टरकडं गेलो. मधूही सोबत होती. तिथल्या काट्यावर तिचं वजन केलं, अकरा किलो दोनशे. डॉक्टर म्हणाला, "सांभाळून उचला, हरकत नाही. राहिलेलं दुखणं मनाचं आहे." ह्यांनी लगेच मान डोलावली, जशी काही त्यांचीच पाठ. टॅक्सीतून आम्हाला दारात उतरवून ते दुकानात गेले.

ऊन असं की डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटत होती. जेवणं झाली. सासूबाई पलीकडच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. मधू खाली चटईवर निजली, मी पलंगावर. ठरवलं होतं, जागं राहायचं. पावणेचारला उठून बसायचं. पण तेवढ्या प्रवासानंही माझा पार चोथा झाला होता. डोळा लागला. जाग आली तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून कुशीवर होते आणि खोली माझ्या पाठीमागं होती.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंखा फिरत होता. खिडकीची झडप हलकेच वाजत होती. आणि वास आला. ऑपरेशनच्या आधी पाठीला ते तपकिरी औषध फासतात ना, त्याचा. अगदी जवळून.

मग पावलं. अनवाणी. ओल्या फरशीवरून चालावं तशी चिकट… एक… एक.

मधू हसली. मी अजून भिंतीकडंच होते. तिचं हसणं आधी खालून, चटईवरून आलं. मग वर वर चढत गेलं आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर येऊन थांबलं. त्याच क्षणाला माझी कंबर डावीकडं ओढली गेली. अकरा किलो दोनशे.

ती फेऱ्या मारायला लागली. दारापर्यंत, परत पलंगापर्यंत. प्रत्येक पावलाचा हिसका माझ्या मणक्यात. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. आवाज माझाच. मी मधूला थोपटताना जे बिनशब्दांचं गुणगुणते, तेच. मान वळवून तिला पाहावं तर मान वळेना. गुडघे जवळ घेतले. दात ओठावर रोवले आणि भिंतीला सांगावं तशी बोलले.

"ठेव तिला."

पावलं थांबली.

"ऐकू येत नाही का? तीन महिने गुरासारखी पडलेय मी इथं. तुझी दुखणी काढतेय. आता डॉक्टरनं हो म्हटलंय. आता मी उचलणार. माझी आहे ती. ठेव खाली!"

नुसता वास. मग मधूचा बारीक आवाज, "नको… नको ना…"

"ठेव म्हणते ना!"

फरशीवर दोन चिमुकली पावलं टेकल्याचा आवाज आला. अगदी हलका.

खांदा, कंबर, गुडघे. मी वळले. खोलीत कुणी नव्हतं. मधू चटईवर एकटीच उभी होती, हात खाली सोडून. मी पलंगाच्या कडेवर हातानं रेटा देऊन उठले, गुडघ्यांतून वाकले, शिकवलं होतं तश्शी, आणि तिला उचललं.

दुखलं नाही! जराही नाही. मी रडले, हसले, तिचे मुके घेतले. "बघितलंस? घेतलं की नाही आईनं?" तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली. मी खोलीत एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं. उन्हातून वाळलेले कपडे काढून खांद्यावर टाकावेत ना, ताई… तेवढंच होतं. तेवढंही नव्हतं.

तिला घेऊन मी खोलीच्या मधोमध उभी होते. मला खाली ठेवावीशी वाटेना, घट्ट धरवेना.

तेवढ्यात कंबर ओढली गेली. डावीकडं. तेच ओझं, सावरून घेतलेलं, नीट कडेवर. मग हिसका. पायरी उतरताना बसतो तो. मला तो ओळखू येणार नाही? दोन वर्षं चढले-उतरलेय मी पोरीला घेऊन. एक. दोन. तीन. अठराव्या हिसक्याला जरा थांबली, जिन्याचं वळण. परत एक. मी मोजत गेले. छत्तीस. मधू माझ्या खांद्यावर डोळे उघडे ठेवून पडली होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता, गार. पन्नास. त्रेपन्न. चौपन्न.

मग पायऱ्या संपल्या. सपाट चाल लागली.

शेजारी काकिमांच्या व्हरांड्याचं दार करकरलं. त्या रोज चारनंतर कुंड्यांना पाणी घालतात. कठड्यावरून वाकून त्यांनी खाली गल्लीत हाक मारली, नेहमीच्या मायेनं, हसत.

"ओ बौमा! एवढ्या उन्हात पोरीला ती लाल टोपी घालून कुठं निघालीस गं?"